टोपीखालचा सिकंदर

लेले मास्तरांच्या बापाला भर लग्नात भोसकलं, ही बातमी मला कल्याणच्या शाळेत रुजू झाले त्याच दिवशी भिंतीपलीकडून कळली. मी सातवीला अपूर्णांक शिकवत होते. आमच्या वर्गांमधली भिंत नावालाच भिंत होती, बांबूच्या तट्ट्यावर माती थापलेली. पलीकडून एक खर्जातला, भारदस्त आवाज आला, "माझ्या बहिणीचं लग्न होतं. अंगरक्षकांना मागे ठेवून बाप एकटा पुढे चालला होता. त्यातल्याच एकाने कट्यार काढली. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो." पलीकडचा वर्ग चिडीचूप, आणि माझाही. माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत गेले, तर तो आवाज असलेला माणूस काही दिसेना. कोपऱ्यात काळी टोपी घातलेले एक किरकोळ गृहस्थ थालीपीठ खात बसले होते. शिपाई म्हणाला, हेच लेले. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "फार वाईट झालं हो तुमच्या वडिलांचं."

त्यांचा घास हातातच राहिला. "वडिलांचं? काय झालं त्यांना? सकाळी तर ओट्यावर दाढी करत बसले होते."

"नाही, म्हणजे ते लग्नात..."

"हां, ते होय!" त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि टोपीला हात लावला. "ते त्याचे वडील. फिलिप. माझे गणपतराव. बसा, थालीपीठ घ्या."

आवाज एकदम पातळ, जरा घाबरा. हा माणूस आणि भिंतीपलीकडचा माणूस एकच आहे, हे माझ्या पचनी पडायला आठवडा लागला.

स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन वर्षं उलटली होती. मी डोंबिवलीची. तिथून रोज कल्याणला यायची आणि मुलांना गणित घालायची. बाईमाणूस गणित शिकवते याचंच तेव्हा गावाला नवल. पण माझ्या नवलाईकडे कोणी फार दिवस पाहिलं नाही, कारण शेजारच्या वर्गात साक्षात सिकंदर होता.

मास्तरांचा नियम सोपा होता. डोक्यावर टोपी आहे तोवर ते दत्तात्रेय गणपत लेले, इतिहास आणि भूगोल. टोपी काढून खुंटीला अडकवली की सिकंदर. मग ते "सिकंदराने स्वारी केली" असं म्हणत नसत, "मी निघालो" म्हणत. तास संपला की टोपी डोक्यावर. त्यानंतर एखाद्या पोराने विचारलं, "सर, तुम्ही ते शहर का जाळलंत?" तर उत्तर ठरलेलं, "ते त्याला विचार. उद्या येईल तो." आणि टोपी काढलेली असताना सिकंदराला जे ठाऊक असेल तेवढंच ते सांगत. एका आगाऊ मुलाने विचारलं, "महाराज, नेपोलियन मोठा की तुम्ही?" मास्तर शांतपणे म्हणाले, "कोण नेपोलियन?"

सिकंदरच का, शिवाजी का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. ते कानाची पाळी पकडून म्हणाले, "महाराजांना 'मी' म्हणायची माझी छाती आहे का? हा परका. याच्याशी जरा सलगी चालते."

तशी त्यांची छाती कशालाच नव्हती. ते पालीला भीत, हेडमास्तरांना भीत, बर्फ घातलेल्या सरबताला भीत. आणि सगळ्यात जास्त घोड्याला. दहा-बारा वर्षांच्या सिकंदराने कोणालाच आवरत नसलेला घोडा कसा वश केला, हे ते असं रंगवून सांगत की मागच्या बाकावरची मुलं उभी राहत. "त्याचं नाव बुसेफलस. म्हणजे आपल्याकडे बैलतोंड्या. तो दांडगा नव्हता रे, स्वतःच्या सावलीला भ्यायचा. मी त्याचं तोंड सूर्याकडे फिरवलं, सावली मागे गेली, आणि तो थंड झाला." हे सांगून हा घोडेस्वार शाळेतून निघायचा, आणि स्टेशनच्या वाटेवर टांग्यांचा अड्डा आला की छत्री सावरत रस्ता ओलांडून पलीकडच्या गटाराच्या कडेने जायचा. मुलं टांग्याच्या प्रत्येक घोड्याला बैलतोंड्याच म्हणत. टांगेवाल्यांना ते आवडत नसे.

घरी वहिनींनी मात्र टोपीचा नियम आपल्या सोयीने वापरायला घेतला होता. इंदूवहिनी म्हणजे मास्तरांच्या अर्धांगिनी. उंचीला त्यांच्या खांद्याशी, पण घरात पाऊल वाजलं की मांजरसुद्धा बाजूला व्हायचं. एकदा घरमालकाने विहिरीचा रहाट दुरुस्तीच्या नावाखाली काढून आपल्या खोलीत ठेवून दिला. चार बिऱ्हाडं पाण्यावाचून. वहिनींनी मास्तरांना दारात उभं केलं, त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली आणि म्हणाल्या, "जा. इराणच्या दारयसाला पळवलंत ना? मग हा कोण लागून गेला?"

मी त्या दिवशी काही कामाने तिथेच होते, म्हणून स्वतः पाहिलं. मास्तर ताठ मानेने गेले. घरमालकाचं दार उघडलं, बंद झालं. अर्धा तास गेला, तास गेला. मग आतून तो खर्जातला आवाज यायला लागला, "समोर पुरुराजाचे हत्ती उभे होते, आणि मध्ये पावसाने फुगलेली नदी..." घरमालकाने चहा दिला होता, शेजारपाजारची माणसं गोळा केली होती, आणि सिकंदर झेलम ओलांडत होता. दिवेलागणीला मास्तर हसतमुखाने परत आले. वहिनींनी विचारलं, "रहाट?" ते म्हणाले, "अरेच्चा."

वहिनी पदर खोचून उठल्या. त्या गेल्या आणि रहाट घेऊन आल्या, तोवर मास्तरांची चप्पलही काढून झाली नव्हती. काय बोललात म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही. फक्त दारात उभी राहिले."

नवरात्रात सिकंदर शाळेबाहेर पडायचा. देवीच्या देवळापुढच्या पटांगणात नऊ संध्याकाळी काहीतरी असे, पोथी, कीर्तन किंवा व्याख्यान. एका वर्षी ठरलेले कीर्तनकार आजारी पडले म्हणून मास्तरांना गळ घातली. पटांगणाला खुंटी नव्हती, म्हणून त्यांनी टोपी वहिनींच्या हातात दिली आणि सुरुवात केली. पहिल्या माळेला चाळीस माणसं होती. तिसऱ्या माळेला देवळाची भिंत दिसेना. पेढीवरचे लोक, टांगेवाले, खाडीपलीकडच्या गावांतल्या बाया, निर्वासितांच्या छावणीतली सिंधी कुटुंबं, सगळी मांडी घालून बसलेली.

आता कीर्तनात बुवा रामाचं बोलले तरी बुवा राम नाहीत हे लोकांना ठाऊक असतं. पण मास्तर "मी" म्हणत, आणि लोक ते खरं धरून चालत. चौथ्या माळेला सिकंदराने दारूच्या नशेत आपला जिवलग मित्र क्लीटस याला भाला फेकून मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जनाबाई भाजीची पाटी घेऊन मास्तरांच्या दारावरून सरळ पुढे गेली. जनाबाई खाडीकाठच्या गावातली आगरीण. रोज पहिली भाजी या घरी द्यायची, असा तिचा रिवाज. मास्तर धावत ओट्यावर आले.

"जनाबाई, अगं भाजी?"

"तुला नाय देनार." ती थांबली, पण पाटी उतरवली नाही. "त्या दोस्तानं तुजा जीव वाचवलता नं लढाईन? आन् तू दारू पिऊन त्याला भाला मारलास?"

मास्तर टोपी चाचपत म्हणाले, "अगं, तो मी नव्हे. तो सिकंदर."

"मंग काल कोन बोलत व्हता? मना डोलं हायेत." तिने मास्तरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एका टोपीखाली दोन मानसं ऱ्हातान काय?"

वहिनी आतून ऐकत होत्या. त्यांचंही दारूवरून रात्रीपासून बोलणं बंदच होतं. शेवटी मास्तरांनी टोपी काढली, ओट्यावरून दोन पायऱ्या खाली उतरले आणि सिकंदराच्या आवाजात म्हणाले, "जना, चुकलं माझं. त्याचं प्रेत उचललं आणि मी तंबूत पडून राहिलो. तीन दिवस अन्नपाण्याला शिवलो नाही."

"पानीबी नाय?"

"थेंबसुद्धा नाही."

जनाबाईने जरा विचार केला. मग पाटी उतरवली. "घे, गवार चांगली हाय. पन परत असं करू नको."

मास्तरांनी तसं वचन दिलं. एवढा मोठा जेता, पण गवारीपुढे नमला, असं आम्ही शिक्षकांच्या खोलीत कितीतरी दिवस म्हणत होतो.

त्याच नवरात्रात सातव्या माळेला ती गोष्ट घडली, जिच्यापायी पुढची सगळी वर्षं गेली. सिकंदर बियास नदीशी पोचला होता. सैन्य म्हणत होतं, आता पुढे नाही, घरी चला. सिकंदराला माघार घ्यावी लागली. मास्तर म्हणाले, "उद्या मी सिंधूच्या काठाने खाली उतरेन." तेव्हा पुढे बसलेला एक मुलगा उभा राहिला. किशन त्याचं नाव, छावणीतला, आमच्याच शाळेत आठवीत. दोन-तीन वर्षांत त्याने मराठी उचलली होती, पण हिंदीचा हेल गेला नव्हता.

"सर, सिंधूच्या काठाला आमचं गाव होतं. तुम्ही आलात तेव्हा तिथले लोक घर सोडून पळाले असतील ना?"

मास्तरांनी टोपी घातली असती तर सुटले असते. पण टोपी वहिनींकडे होती. ते म्हणाले, "पळाले."

"मग एवढं सगळं करून शेवटी तुमच्याकडे काय राहिलं?"

मास्तर त्या मुलाकडे वळले. मग म्हणाले, "ते मला शेवटच्या दिवशी कळलं. त्या दिवसाशी पोचलो की तुला सांगेन. परवा, नवव्या माळेला."

आठव्या माळेला सिकंदर मुलतानच्या बाजूच्या एका गढीवर चढला, एकटाच आत उडी टाकली, आणि छातीत बाण लागला. मास्तरांनी छाती धरून असा हुंकार दिला की दोन बाया रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या छातीत खरोखर कळ आली. मग खोकला, मग ताप. दसरा, कोजागिरी, सगळं अंथरुणात. डॉक्टर म्हणाले, घाम आलेल्या अंगाने उघड्यावर बसलात, गारठा लागला. वहिनींनी डॉक्टरांचं औषध आणलं, निदान मात्र मानलं नाही.

"वास्तू तथास्तु म्हणते," त्या मला म्हणाल्या. "माणसाने आपल्या तोंडाने आपलं वाईट बोलू नये. हे म्हणाले, मला बाण लागला. लागला! आता पुढे काय आहे, ठाऊक आहे ना? ताप येऊन मरतो तो. आणि हे 'मी मेलो' म्हणणार? माझ्या देखत?"

तेव्हा कल्याणात हिवताप घरचाच पाहुणा होता. मास्तरांना तर दर पावसाळ्यानंतर एकदा भेटून जायचा. वहिनींनी फर्मान काढलं, बियास नदीच्या पुढे जायचं नाही. शाळेत नाही, देवळात नाही, घरात तर नाहीच. मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी आयुष्यात वहिनींशी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

पुढे दर नवरात्रात सिकंदर यायचा, लढायचा, आणि नवव्या माळेला बियासच्या काठी येऊन थांबायचा. लोकांना त्याची सवय झाली. काही जणांना तर वाटायचं की गोष्ट तेवढीच आहे. किशन मात्र दर वर्षी पुढच्या रांगेत येऊन बसे. बियास आली की चपला शोधून मुकाट निघून जाई. त्याने पुन्हा विचारलं नाही. मास्तर त्याच्या पाठीकडे बघत राहत, आणि त्या रात्री जेवत नसत, असं वहिनीच सांगायच्या.

"टोपी घालूनच सांगून टाका ना त्याला," मी एकदा म्हटलं. "दोन वाक्यांचं काम."

"मराठेबाई, त्याने मला नव्हतं विचारलं," ते म्हणाले. "सिकंदराला विचारलं होतं. शब्द सिकंदराने दिलाय."

किशन मॅट्रिक झाला, मामाच्या कापडाच्या दुकानात बसायला लागला, त्याला मिसरूड फुटली. आणि मास्तरांची निवृत्ती आली. दिवाळीनंतर ते शाळेत नसणार होते. त्या वर्षी नवरात्राच्या आधी देवळाची माणसं बोलवायला आली, तर मास्तरांनी हात जोडले. "यंदा टोपी काढणार नाही. अर्धी गोष्ट सांगत म्हातारा झालो. आता पुरे."

आणि खरोखर काढेनात. शाळेत नाही, घरात नाही. जेवताना टोपी, झोपाळ्यावर टोपी. इतिहासाच्या तासाला "सिकंदर गेला, सिकंदर आला" असं पुस्तकातलं वाचून दाखवत. भिंतीपलीकडे मुलं जांभया देत असल्याचं मला ऐकू येई. मला मास्तरांचा राग येत होता. असा गुणी माणूस शेवटचे दोन महिने पाट्या टाकून घरी जाणार, हे काही बरं नव्हतं.

पाचव्या माळेला मी त्यांच्या घरी गेले. देव्हाऱ्यात घट बसलेला, नंदादीप तेवत होता. मास्तर झोपाळ्यावर, टोपी कपाळापर्यंत ओढलेली. वहिनी मागच्या दारात जनाबाईशी भाजीवरून हुज्जत घालत होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "तुम्ही गणितवाल्या ना? तुम्हीच सांगा. वास्तू तथास्तु म्हणते की नाही?"

आता याचं उत्तर कुठल्या गणितात देणार? मी म्हटलं, "वहिनी, त्यांनी त्या मुलाला शब्द दिलाय."

"मला ठाऊक नाही होय?" वहिनींचा आवाज चिरकला. "सहा वर्षं मी त्या पोराची पाठ बघतेय. त्या पोराचं घर गेलं, आणि त्याला उत्तरही मिळू दिलं नाही मी. मला झोप लागते असं वाटतं तुम्हाला? पण माझ्याकडे हा एकच माणूस आहे हो. तो मी पणाला लावू?"

झोपाळ्याची करकर थांबली. वहिनींनी असं बोललेलं मास्तरांनीही कधी ऐकलं नसावं.

जनाबाई उंबऱ्याशी बसून माठाची जुडी सोडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वास्तू ऱ्हाते कुठं? घरान. देवलान. मंग घरान कनाला सांगता? खारीन सांगा. माज्या पोराची रेतीची होरी हाय. पान्यावर कसली आलीय वास्तू?"

वहिनींनी हे मनात घोळवलं. "पाणी ऐकत नाही होय?" त्यांनी विचारलं.

"आयकतंय. पन ठेवीत नाय. सुकतीला बोला, मंजे जातंय सगला दर्याला."

खाडीला ओहोटी लागली की बोललेलं सगळं समुद्रात जातं, या म्हणण्यात खोट काढायला वहिनींना जागा सापडेना. त्यांनी शोधली मात्र बराच वेळ. मग त्या झोपाळ्यापाशी गेल्या. "दसऱ्याला सीमोल्लंघन करायचंच असतं," त्या मास्तरांना म्हणाल्या. "मी शेजारी बसेन. आणि आधी तापावरचं कुनैन घ्यायचं."

मास्तरांनी टोपी काढली आणि तिच्याकडे बघत बसले. डोळे पुसायला त्यांना तिचाच उपयोग झाला.

दसऱ्याला दुपारची श्रीखंडपुरी आटोपून गाव खाडीवर लोटलं. कोणी बोलावलं नव्हतं. जनाबाईने पाटीबरोबर बातमीही दारोदार पोचवली होती. ओहोटी लागली होती. रेतीची होडी घाटाच्या पायऱ्यांशी दोराने बांधलेली, मध्ये एक फळी टाकलेली. होडीत मास्तर, शेजारी वहिनी, पाठीमागे जनाबाई आणि बांबू धरून तिचा मुलगा. मी पहिल्या पायरीवर. वहिनींनी एका हाताने मंगळसूत्र आणि दुसऱ्या हाताने होडीची कड पकडली होती. मास्तरांनी टोपी काढून मांडीवर उलटी ठेवली.

त्या दिवशीचा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. खर्ज होता, पण घाई नव्हती. बियासपासून मागे फिरणं, बाण, वाळवंट, तहानेने मेलेली माणसं. "त्यांना तिकडे मी नेलं होतं," ते म्हणाले. "त्यांच्यातल्या कोणाला माझं जग नको होतं. त्यांना आपापलं घर हवं होतं." मग बाबिलोन. मग ताप. ताप म्हटल्यावर वहिनींनी डोळे मिटले. पाणी हळूहळू पायऱ्या सोडून खाली चाललं होतं.

"बाहेर सैनिकांनी गलका केला. राजा मेलाय आणि आमच्यापासून लपवताय, म्हणाले. दार उघडा, आम्हाला बघू द्या. दार उघडलं. माझे जुने सैनिक एकेक करून माझ्या बिछान्याजवळून जायला लागले. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. एकेकाला नावाने हाक मारायची होती. पण जीभ उचलेना. माझी वाचा गेली होती."

आणि मास्तर थांबले.

आम्हाला वाटलं, दम घेताहेत. पण ते बोलेनात. सगळा घाट त्यांच्या तोंडाकडे बघत होता. वहिनींनी डोळे उघडले. मास्तरांची नजर पायऱ्यांवर कोणाला तरी शोधत होती, आणि किशन मागच्या गर्दीतून पुढे येत होता. तो फळीवरून चालत होडीशी गेला. मास्तरांनी आपले दोन्ही हात उचलले, तळवे उघडे करून त्याच्यापुढे धरले. दोन्ही रिकामे. सहा वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर ते एवढंच होतं.

किशनने ते हात पाहिले. त्याने खिशातून आपट्याची पानं काढली, त्यातलं एक मास्तरांच्या उजव्या तळहातावर ठेवलं आणि वाकून पाया पडला. "सर, सोना लो," तो म्हणाला. मराठी त्याला ऐन वेळी आठवली नसावी.

मग फळीवर रांगच लागली. दसऱ्याला गुरुजींना सोनं द्यायचं, ही तर आपली रीतच. त्यात वेगळं काय होतं? पण त्या दिवशी कोणी "सोन्यासारखे राहा" म्हणालं नाही, कोणी बोललंच नाही. वीस-पंचवीस वर्षांतले विद्यार्थी, कोणी पोराला कडेवर घेऊन, कोणी दुकान बंद करून आलेला, एकामागून एक जात होते. ज्याची वाचा गेली होती तो राजा प्रत्येकाकडे बघून मान हलवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तळहातात मावेनात म्हणून पानं मांडीवरच्या टोपीत पडू लागली. मी माझं पान ठेवलं तेव्हा टोपी काठोकाठ भरली होती.

रांग संपल्यावर वहिनींनी हळूच विचारलं, "संपलं?"

मास्तरांनी मान डोलावली.

"पण तुम्ही 'मेलो' म्हणालाच नाहीत," मी न राहवून म्हटलं.

मास्तरांनी घसा साफ केला. "मराठेबाई, वाचा गेलेला माणूस ते सांगणार कसं? त्याला तेवढंच सांगता येतं." ते स्वतःच चकित झाले होते. "इथे बसेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं हो."

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की घरमालकाने रहाट का दिला असेल ते मला कळलं. "म्हणजे ते शब्द येणारच नव्हते? आणि सहा वर्षं माझ्या जिवाला घोर लावलात?"

"तू सांगू कुठे दिलंस?" मास्तर म्हणाले. हा त्यांचा मी ऐकलेला पहिला आणि शेवटचा वाद.

जनाबाई पाठीमागून म्हणाली, "मेला नाय तं बरा झाला. उतरा आता, होरी चिखलान बसंल."

घाट चढताना वहिनी म्हणाल्या, "टोपी घाला. वारा सुटलाय, ताप येईल." मास्तरांनी दोन्ही हातांत धरलेली टोपी त्यांना दाखवली. पानं कुठे ठेवणार? तेव्हा मास्तर तसेच निघाले, बोडक्याने, भर बाजारातून. लोक दुकानांतून बघत होते आणि नमस्कार करत होते. नमस्कार नक्की कोणाला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर महिन्याभरात माझं लग्न ठरलं आणि मी नागपूरला गेले. मास्तरांना ताप आला नाही, साधी शिंकही नाही, असं वहिनींनी कळवलं होतं. पुढेही ते पुष्कळ जगले. पण माझी आणि त्यांची भेट पुन्हा झाली नाही, म्हणून माझ्यापुरते ते अजून त्याच रस्त्याने चालले आहेत.

त्या दसऱ्याच्या संध्याकाळी मी स्टेशनला जायला निघाले होते, तेव्हा टांग्यांच्या अड्ड्यापर्यंत त्यांच्या मागेच होते. आता हे रस्ता ओलांडतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी ओलांडला नाही. दसऱ्याची झेंडूची माळ घातलेला एक घोडा कडेला उभा होता, त्याच्यासमोर ते थांबले. सूर्य कुठे आहे ते पाहिलं, आणि उन्हाकडे तोंड येईल अशा बेताने घोड्याच्या पुढ्यात सरकले. घोड्याने मान वळवली. मास्तरांनी टोपीतलं एक पान उचलून हात लांब केला. घोड्याचं तोंड जवळ आलं, पण हात मागे आला नाही. घोड्याने पान हुंगलं आणि खाऊन टाकलं.

"अहो, सोनं आहे ते," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी त्याला दुसरं दिलं.